एका घराला किती लॅपटॉप?

वसमतहून आमच्या एका जुन्या वर्गणीदार गृहस्थांचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक असून त्यातील खाजगी मजकूर वगळावा अशी त्यांची विनंती आहे; म्हणून मुद्द्याचा भाग तेवढा आमच्या शब्दांत येथे देतो. घर एकत्र आहे. तिघे बंधू, त्यांची कुटुंबे आणि ऐंशी ओलांडलेले वडील. सन २०१६ मध्ये घेतलेला एक लॅपटॉप घरात आहे व तो आता पार थकला आहे. कळ दाबून स्वयंपाकघरात जावे, चहा घेऊन परत यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. बॅटरी नावापुरती उरली आहे. तार निघाली की यंत्र विझले. याच यंत्रावर वडील नर्सीच्या नामदेवांविषयीची आपली टिपणे आणि घराण्याची वंशावळ टंकून ठेवीत आले आहेत. पत्रलेखक हे मधले बंधू. ते हळदीच्या विक्रीचे हिशेब व बँकेचे व्यवहार यावरच करतात. धाकट्या बंधूंच्या पत्नी शिकवणीच्या मुलांसाठी प्रश्नपत्रिका तयार करतात. आणि पत्रलेखकांच्या कन्येस यंदा नांदेडास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळाला आहे.

थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, ऐंशी-नव्वद हजारांचा एकच उत्तम लॅपटॉप घ्यावा, तो घरी ठेवावा आणि सर्वांनी पाळीपाळीने वापरावा. मुलीला कॉलेजात संगणकाची खोली असतेच. खरेदी दसऱ्याला करावी, म्हणजे मुहूर्तही साधेल आणि सवलतही मिळेल. एवढे सारे लिहून झाल्यावर पत्राच्या शेवटी आम्हांस प्रश्न विचारला आहे तो मात्र इतकाच, की कोणत्या कंपनीचा घ्यावा?

कंपनीच्या नावाचा प्रश्न आमच्या मते या प्रकरणात सर्वांत गौण आहे. त्याआधी थोरल्या बंधूंच्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे, कारण ते म्हणणे वरवर पाहता सयुक्तिक आहे आणि त्यामागे एकत्र घराची जुनी, शहाणी काटकसर आहे. एक जाते, एक शिवणयंत्र, एक दूरध्वनी यांवर आपल्याकडची मोठमोठी घरे चालली. शिवणयंत्रावर दिवसातून तासभर कोणी बसले तर उरलेले तेवीस तास ते रिकामेच असते. तेथे दुसरे यंत्र घेणे ही उधळपट्टी होय. लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीचे वाचन, लेखन, आकृत्या, प्रयोगांच्या नोंदी आणि शिक्षकांनी धाडलेली टिपणे ही सगळी त्यातच असतात. तिची वही, दौत, कंपासपेटी आणि निम्मी पुस्तके एकाच डब्यात घालून तो डबा वसमतला ठेवावा व तिने नांदेडास जावे, असे कोणी सुचविले तर आपण हसू. कॉलेजातील संगणकाची खोली ठरलेल्या वेळी उघडते आणि ठरलेल्या वेळी बंद होते. संगणकाची भाषा तर चुकत चुकत शिकण्याची विद्या आहे. पाच ओळी लिहाव्या, त्या अडाव्या, का अडल्या ते शोधावे, पुन्हा लिहाव्या, असे करण्यात एखादी रात्र जाते. पोहणे पुस्तकात वाचून येत नाही तसे हे दुसऱ्याच्या यंत्रावर अर्ध्या तासाच्या पाळीत येत नाही.

शिवाय पाळी म्हटली की ती कोणाकडे शेवटी येते, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. यजमानांचे हिशेब अडलेले असतात, वडिलांचा मान असतो, बँकेचे काम आजच व्हावयाचे असते. सून आणि मुलगी यांची कामे मात्र "जरा थांब, होऊ दे" या सदरात पडतात. सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांत मोडणाऱ्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिकवणीशुल्क पूर्ण माफ केले आहे. ज्या घरांस ही सवलत लागू आहे त्यांनी तरी वाचलेल्या पैशातून आधी मुलीच्या हाती तिचे हत्यार द्यावे, आणि उरले तर दिवाणखान्याचा विचार करावा.

यास्तव आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. घरासाठी नवे यंत्र घेण्याचे कारण नाही. जुन्याचीच दुरुस्ती करावी. नवे घ्यावे ते कन्येसाठी, बेताच्या किमतीचे आणि तिच्या पसंतीने. या दोहोंचा एकत्र खर्च थोरल्या बंधूंनी मनात योजलेल्या रकमेच्या आतच राहील.

आता जुन्या यंत्राकडे वळू. लॅपटॉप जुना झाला म्हणजे मंद होतो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती बरीचशी खोटी आहे. त्यातील मेंदू, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो दहा वर्षांपूर्वी जितक्या वेगाने आकडेमोड करी तितक्याच वेगाने आजही करतो. थकते ती हार्ड डिस्क. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपांत फिरती तबकडी असे. मिनिटास ५,४०० फेरे घेणारी ती तबकडी, आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा तिच्यावरून सरकणारा एक हात. लहानसहान हजारो फायली वाचावयाच्या म्हणजे त्या हाताची हजारो वेळा धावपळ. नव्या पद्धतीच्या साठवणीत, म्हणजे एसएसडीत, फिरणारे काहीच नसते. सारे चिपांवर असते. जुनी तबकडी काढून तेथे एसएसडी बसविली आणि चार जीबीची रॅम आठ जीबी केली, तर मिनिटे घेणारे यंत्र बहुधा अर्ध्या मिनिटात हुशार होऊन बसते. हा फरक आम्ही अनेक घरांत पाहिला आहे आणि दरवेळी घरच्या मंडळींस तो जादूसारखा वाटला आहे. बॅटरी नवी घातली, पंख्यातील धूळ झाडली, एवढे मिळून नव्या यंत्राच्या किमतीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात काम उरकते. सन २०२५ च्या उत्तरार्धापासून स्मृतीच्या चिपांचे भाव जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेली मोठमोठी गणनगृहे त्या चिपा घाऊक उचलीत आहेत. तेव्हा रॅमचा भाव दोन ठिकाणी विचारून घ्यावा. "थांबा, पुढच्या वर्षी स्वस्त होईल" हा संगणकाच्या बाबतीतला जुना हितोपदेश सध्या लागू पडत नाही.

बॅटरीविषयी एक गोष्ट बजावून सांगतो. लॅपटॉपची पाठ किंवा बोटे फिरविण्याची पट्टी वर उचलल्यासारखी दिसू लागली, तर आत बॅटरी फुगली आहे असे समजावे व त्या क्षणापासून यंत्र वापरू नये. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिसांच्या वर सहज जातो आणि उष्णता ही या बॅटरीची पहिली वैरीण आहे. फुगलेली बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते. ती भंगारवाल्यास किंवा कचऱ्याच्या गाडीस देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुने यंत्र मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकावरही आहे. कंपनीच्या सेवाकेंद्रास विचारले म्हणजे त्यांच्या संकलनाची व्यवस्था कळते.

यंत्राचे शरीर असे सुधारले तरी त्याच्या आत्म्याचा प्रश्न राहतोच. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची डागडुजी थांबविली. घरगुती ग्राहकांपैकी जे नाव नोंदवितील त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. डागडुजी थांबली म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे, आणि येथेच पुष्कळांची गल्लत होते. घराला नवे भोक पडले तर ते बुजविणारा गवंडी यापुढे येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेवढा अर्थ मात्र पुरेसा गंभीर आहे. अशा घरात दागिन्यांची पेटी ठेवू नये, म्हणजेच अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. बरे, विंडोज ११ घालावी तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. पत्रलेखकांचे यंत्र २०१६ चे. ते या दारातून आत जाऊ शकत नाही.

उरतो तो मार्ग लिनक्सचा. ही प्रणाली फुकट मिळते, आणि फुकट म्हटले की आपल्याकडे तिच्याविषयी तुच्छता उत्पन्न होते. या तुच्छतेस उत्तर देण्यास हिंगोली जिल्ह्याबाहेर जावयास नको. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लिगो वेधशाळा व्हावयाची आहे. तिचे दोन बाहू चार-चार किलोमीटर लांबीचे असतील आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीसाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत चालू असलेल्या तिच्या भगिनी-वेधशाळांची प्रचंड आकडेमोड लिनक्सवरच होते. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी झाडून सारे नोव्हेंबर २०१७ पासून याच प्रणालीवर चालत आले आहेत. आपल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची तिची भारतीय आवृत्ती २००७ साली काढली. तेव्हा हळदीच्या हिशेबास, प्रश्नपत्रिकांस आणि ब्राउझरमधून होणाऱ्या बँकेच्या कामास ती पुरेल की नाही, ही शंका घेण्याचे कारण नाही. अडचण एकाच प्रकारच्या कामाची येते. डिजिटल सहीची किल्ली किंवा एखादा खास हिशेबाचा कार्यक्रम केवळ विंडोजवर चालणारा असू शकतो. तो घरात असेल तर आधी पाहून घ्यावे. आणि तेवढे काम कन्या सुट्टीत आली म्हणजे तिच्या यंत्रावर करण्याजोगे आहे की काय, तेही विचारावे. एरव्ही वर्षभर मुलीने बापाकडे मागावयाचे, तेथे एखादे वेळी बापाने मुलीकडे मागितले तर बिघडत नाही.

परंतु लिनक्स घालण्याआधी एक काम उरकलेच पाहिजे, आणि पत्रात ज्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही असे ते काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. वडिलांची वंशावळ आणि नामदेवांवरील टिपणे कोणत्या अक्षरांत टंकलेली आहेत?

प्रश्न विचित्र वाटेल, म्हणून फोड करून सांगतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही नावे ज्यांनी ऐकली आहेत त्यांस हे लगेच उमगेल. त्या जुन्या पद्धतीत संगणकाला मराठी मुळी ठाऊकच नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर 'क' चे चित्र बसविलेले असे. वाचणाऱ्यास 'क' दिसे आणि संगणक त्यास इंग्रजी अक्षरच समजे. तो विशिष्ट टंक यंत्रात आहे तोवर सारे ठीक. टंक नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की पानेच्या पाने इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. युनिकोड या जागतिक पद्धतीने हे चित्र पालटले. १९९१ साली निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तीत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे, 'क' चा क्रमांक २३२५, आणि तो मुंबईत, टोकियोत किंवा मुलीच्या मोबाइलवर कोठेही 'क' च राहतो. वडिलांनी गेली काही वर्षे युनिकोडात टंकले असेल तर चिंता नाही. पण ते जुने टंकलेखक असतील आणि जुन्याच टंकाची सवय राखून असतील, तर त्यांचे सर्व लेखन त्या एका म्हाताऱ्या यंत्राच्या श्वासावर अवलंबून आहे.

मराठवाड्यातील घरांस हा प्रसंग नवा नाही. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असते व तीत मोडीतील खते, रोखे, पत्रे असतात. आजोबांच्या आजोबांनी ती लिहिली तेव्हा मोडी वाचता न येणारा माणूस अडाणी समजला जाई. पुढे छापखान्याने बाळबोध जवळ केली. त्यातच १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्यामुळे वरचे शिक्षण व दरबारी कागद उर्दूत. एकाच घरात एका पिढीचे कागद मोडीत, दुसरीचे उर्दूत, तिसरीचे बाळबोधीत, आणि चौथ्या पिढीस त्यांपैकी पहिले दोन वाचता येत नाहीत! ट्रंक जपून ठेवली, कागदास वाळवी लागू दिली नाही, तरी त्यातील मजकूर घरापुरता मेला. तो जिवंत करावयास आता मोडीचा जाणकार शोधावा लागतो. वडिलांच्या फायली जुन्या टंकात राहिल्या तर चार-सहा वर्षांत त्यांची गत याहून वाईट होईल. कारण मोडीचा कागद निदान डोळ्यांस दिसतो तरी.

म्हणून जुने यंत्र अद्याप चालते आहे तोवरच या फायलींचे युनिकोडात रूपांतर करून घ्यावे. रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. त्यांतील काही फुकटही आहेत. मात्र त्यांवर विसंबू नये. रफार एक अक्षर पुढे सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरास चिकटते, जोडाक्षरे फुटतात. वंशावळीत तर नावाचे एक अक्षर बदलले की माणूसच बदलला. तेव्हा जुना मजकूर आधी कागदावर छापून घ्यावा, नवा शेजारी ठेवावा आणि वडिलांच्या देखत कोणी तरी मोठ्याने वाचून ताडून पाहावे. सुट्टीतील दुपारी नातवंडांस लावून देण्याजोगे याहून चांगले काम आम्हांस सुचत नाही. वंशावळही पाठ होईल. नुसती छापील प्रत किंवा पानांचे छायाचित्र काढून ठेवणे म्हणजे अर्धे काम. त्यात एखादे नाव शोधावयाचे झाल्यास पुन्हा पाने उलटणे आले. पुढे टंकण्यासाठी वडिलांनी या वयात नवा कळफलक शिकलाच पाहिजे, असा हट्ट धरू नये. हाताला बसलेली रेमिंग्टनची मांडणी युनिकोडातही वापरता येते. घरातील तरुणांनी ती लावून द्यावी. लहान मुलांस मात्र आरंभापासून इनस्क्रिप्ट शिकवावी. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी वर्णमालेस धरून मांडणी आहे आणि ती प्रत्येक नव्या यंत्रात आयतीच असते.

रूपांतर झाल्यावर तीन प्रती ठेवाव्या. एक दुरुस्त केलेल्या यंत्रात, दुसरी वेगळ्या बाह्य साठवणीत, आणि तिसरी नांदेडास कन्येच्या लॅपटॉपमध्ये. घरास आग लागो, चोरी होवो, एक प्रत गावाबाहेर सुरक्षित राहते. काढलेली जुनी तबकडी छोट्या वेष्टनात घालून जपून ठेवता येते, पण ती एकटीच विश्वासाची मानू नये. थकली म्हणूनच तर काढली.

आता कन्येच्या यंत्राविषयी. दुकानात गेल्यावर पहिला मारा होतो तो आकड्यांचा, आणि या आकड्यांचे पंचांग वाचता आले नाही तर जुना माल नव्या भावाने गळ्यात पडतो. इंटेलचे आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. पण ती एका पिढीतील थोरले-धाकटेपण दाखवितात, पिढी दाखवीत नाहीत. जुन्या पिढीचा आय-सेव्हन नव्या पिढीच्या आय-फाइव्हपुढे मागे पडलेला पुष्कळदा दिसतो. त्यात २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने 'आय' हे अक्षरच गाळले. आता नुसते 'कोअर' आणि 'कोअर अल्ट्रा'. एएमडी कंपनीची खुबी आणखी निराळी. २०२३ च्या तिच्या पद्धतीत रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावे सख्ख्या भावांसारखी दिसतात. पहिला आकडा सात हा वर्षाचा, म्हणजे २०२३ चा. खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. तो दोन असेल तर आतील रचना २०१९ साली प्रथम निघालेली, आणि चार असेल तर त्यानंतर दोन पिढ्यांनी आलेली. ग्राहक पहिला आकडा पाहून खूष होतो, आणि दुकानदार तिसऱ्याविषयी आपण होऊन बोलत नाही. कोणी लबाडी केली असे यात म्हणता येत नाही, सारे छापलेलेच असते. पण वर मांडलेले ताजे वांगे आणि खालचे किडके यांतला भेद ओळखण्याची जी दृष्टी मंडईत लागते तीच येथे लागते.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास अलीकडील पिढीचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी एवढे पुरे. पैसे तुटत असतील तर आठ जीबीवर भागवावे, पण त्या वेळी एक प्रश्न अवश्य विचारावा: रॅमची दुसरी पट्टी घालण्यास जागा रिकामी आहे काय? हल्लीच्या पातळ, देखण्या यंत्रांत रॅम मुख्य फळीवरच झाळून टाकलेली असते. तेथे आठाचे सोळा पुढे कधीही होत नाहीत. आपण घरी जुन्या यंत्राची रॅम वाढविली ती कशी, तर त्या काळी तशी सोय ठेवीत म्हणून. नव्या यंत्रासही ती सोय असावी, ही अपेक्षा जास्त नव्हे. यंत्रशास्त्र किंवा स्थापत्य शाखेतील मोठ्या आकृत्यांस पुढे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल असे कोणी सांगेल. पण पहिल्या वर्षापासून त्याचे वजन व किंमत वाहण्याची गरज नाही. 'कृत्रिम बुद्धिमत्तेचा लॅपटॉप' म्हणून २०२४ पासून जी पाटी लावतात तिच्यासाठीही वेगळे पैसे मोजू नयेत. पडदा मात्र बाजूने पाहावा. तिरके पाहिल्यावर रंग उडत असतील तर तो पडदा चार वर्षे डोळ्यांस छळील. वजन हातात घेऊन पाहावे, आणि ते मुलीने पाहावे. रोज वसतिगृहातून वर्गापर्यंत तिनेच वाहावयाचे आहे. कळा तिने दाबून पाहाव्या. दुकानात काका व वडील बोलतात आणि मुलगी मागे उभी राहते, हे दृश्य आम्ही इतक्यांदा पाहिले आहे की ते येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता पत्रलेखकांचा मूळ प्रश्न, कंपनी कोणती? ज्या कंपनीचा माणूस वसमत आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी दुरुस्तीस येईल ती. हमीचे दोन प्रकार असतात. एकीत यंत्र आपण सेवाकेंद्रात न्यावयाचे, दुसरीत कारागीर घरी येतो. मुंबई-पुण्याच्या ग्राहकास यात फारसा भेद वाटत नाही. हिंगोली जिल्ह्यात तो फार मोठा आहे. घरी येण्याची हमी आपल्या पिनकोडास लागू आहे काय, हे खरेदीपूर्वी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. ज्याचे उत्तर समाधानकारक येईल त्याच्या नावास आमची संमती आहे असे समजावे.

विजेविषयी दोन शब्द. धातूच्या देहाचा लॅपटॉप तार लावलेला असता हाताला झिणझिण्या देऊ लागला, तर यंत्राला दोष देण्याआधी घराचे अर्थिंग तपासावे. जुन्या वाड्यांत तीन भोकांचे बटण असते आणि तिसऱ्या भोकामागे तार नसते! चार्जर हरवल्यास रस्त्यावरचा स्वस्त चार्जर घेऊ नये. खऱ्या चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मृगाच्या आधीच्या वादळात आकाश गरजू लागले की तार काढून ठेवावी.

दसऱ्याच्या मुहूर्ताविषयी आमचा आदर कमी नाही. हिंगोलीचा दसरा तर थाटाचा. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर आणि दसऱ्यास पाटीपुस्तकांबरोबर हल्ली लॅपटॉपही पूजेत मांडलेला दिसतो, तो आम्हांस शोभूनच दिसतो. पण कॉलेजाचे वर्ग दसऱ्याची वाट पाहत नाहीत. तोवर पहिल्या सत्राचा बराच भाग सरलेला असतो, आणि संगणकाच्या भाषेचे पहिले धडे चुकले की पुढची सारी इमारत कलते. सवलतीचे म्हणाल तर प्रवेशाच्या दिवसांतही विद्यार्थ्यांसाठी सवलती निघतात. वर्ग सुरू होण्यापूर्वी यंत्र तिच्या हाती पडावे. पूजेस ते दसऱ्याला ठेवता येईलच.

आणि एक किरकोळ दिसणारी सूचना. पावती कन्येच्या नावाने घ्यावी. १८ टक्के वस्तू-सेवा कर दाखविलेली, यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली पक्की पावती. कच्च्या चिठ्ठीवर थोडे स्वस्त देतो असे कोणी म्हटल्यास ऐकू नये. यंत्र बिघडले व हमी पाळली गेली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही करता येते. विकणारा दिल्लीचा असो की बंगळूरचा, त्यासाठी तेथवर जावे लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून पाहावा. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. फोन करतेवेळी पावती हाताशी ठेवावी, आणि तीवर नाव ज्याचे, त्यालाच बोलू द्यावे.